हॉस्टेलच्या वायफायवर अडलेला कोड

अन्याय झाला तो माझ्या रूममेटवर, कळवणच्या मुलीवर, गेल्या श्रावणातल्या एका रविवारी, दुपारच्या अभ्यासाच्या वेळेत. मी समोरच्याच कॉटवर बसले होते, म्हणून लिहिते आहे.

नाशकात गंगापूर रोडजवळच्या आमच्या हॉस्टेलात रविवारी दुपारी दोन ते सहा ‘अभ्यास’ असतो. म्हणजे फोन रेक्टर मॅडमच्या कपाटात, फाटकाला कुलूप, आणि इंटरनेट फक्त हॉस्टेलचं. त्या दिवशी पाचच्या आत तिला नोकरीच्या परीक्षेचा कोड कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचा होता. कोड तयार होता. पण कमांड दिली की एकच वाक्य यायचं: सर्व्हरचं सर्टिफिकेट ओळखता येत नाही, जोडणी नाकारली.

“लॅपटॉपचं घड्याळ बघ,” मी म्हटलं. तारीख चुकली की असं होतं, एवढंच मला ठाऊक.

“बरोबर हाय.”

पत्ता पुन्हा टाकला. प्रोग्राम काढून नव्याने बसवला. तेच. “ब्राउझरात तर तीच साइट उघडते,” ती म्हणाली. मग तिने पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, उघडलं. देणाऱ्याच्या जागी आमच्या हॉस्टेलच्या ट्रस्टचं नाव होतं.

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातल्या माणसाने प्रत्येकीच्या लॅपटॉपमध्ये ‘नेट चालू करायची फाइल’ टाकली होती. आम्ही वर थँक्यू म्हटलं होतं. हॉस्टेलचं नेट ज्यातून येतं त्या ट्रस्टच्या यंत्राची सही म्हणजे खरी सही, हे त्या फाइलने ब्राउझरला शिकवलं. यंत्र आमचं प्रत्येक बंद पाकीट फोडत होतं आणि स्वतःचा शिक्का मारून पुढे धाडत होतं. कोड पाठवणाऱ्या प्रोग्रामकडे भरवशाच्या सह्यांची वेगळी यादी असते. तो एकटाच नाही म्हणत होता.

आम्ही खाली गेलो. फोनच्या नेटवरून कोड पाठवायला तिने तिचा फोन मागितला.

“सहाला,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, नोकरी जाईल माझी.”

“मिळालीये कुठे अजून, जायला? ती सर्टिफिकेटची तपासणी बंद कर ना गं. बाकीच्या मुली तेच करतात.”

“मग माझ्या खात्याचं टोकन तुमच्या यंत्रातून उघडं जाईल. पासवर्डच तो.”

“जाऊ दे की. तुझं काय लपवायचंय?”

“मग तुमचा फोन द्या मॅडम, उघडून,” मी म्हटलं. “तुमचं तरी काय लपवायचंय?”

“तू तुझ्या संघटनेची पत्रकं बाहेर वाट. इथे नको.”

फाटकापर्यंत गेलो. वॉचमन काकांनी मान हलवली, चावी मॅडमकडेच. वर आलो. तिने घड्याळ बघितलं, पाच वाजत आले होते. मग तिने तपासणी बंद केली. कोड झटक्यात गेला.

“गेला,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “लय सोपं होतं.”

फोन हातात पडल्यावर तिने आधी ते टोकन रद्द केलं. मधल्या वेळात ते कुणी पाहिलं, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आम्ही दोनदा लेखी विचारलं.

तुमची मुलगी हॉस्टेलात असेल तर आजच तिला फोन करा. कुठलीही साइट उघडून तिचं सर्टिफिकेट कुणी दिलंय ते तिला वाचायला सांगा. तिथे हॉस्टेलचं नाव निघालं तर एसटीत बसून या, रेक्टरच्या टेबलासमोर उभे राहा, आणि तुमच्यादेखत ती फाइल काढल्याशिवाय तिथून हलू नका.