चार बोटं आत

मोठ्या शर्यतीच्या दिवशी सकाळी सात वाजता मास्तरीणबाईंचं लक्ष दुधाकडे होतं आणि त्यांच्या धाकट्या दिरांचं घोड्यांकडे. दूध गॅसवर होतं, घोडे रेसबुकात होते.

भाऊजी पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ अभ्यासच करत. घोडा निवडणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं त्यांचं मत. त्यांच्या वहीत घोड्याच्या आईला एक रकाना, बापाला एक, ओल्या मैदानाला एक, कोरड्याला एक. एवढ्या अभ्यासानंतर त्यांना एक गोष्ट मात्र बिनचूक सांगता येई, ती म्हणजे गेल्या रविवारी कोण जिंकायला हवं होतं.

मास्तरीणबाईंना घोड्यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांना कळे ती माणसाची कंबर. नवरा शिंपी, जॉकींचे कपडे शिवणारा. तो गेला तेव्हा शिलाई मशीन राहिलं, गिऱ्हाइकंही राहिली आणि 'मास्तर'च्या जागी लोक 'मास्तरीणबाई' म्हणू लागले, एवढाच काय तो फरक. जॉकीची घट्ट पांढरी विजार अंगावर कातडीसारखी बसावी लागते. घोड्याने किती किलो वाहायचे ते आधी ठरलेलं असतं आणि जॉकीला कपडे-खोगिरासकट काट्यावर उभं राहून तेवढंच भरावं लागतं. म्हणजे ज्याची विजार आत घ्यायला आली, त्याने वजन उतरवलंय. उगाच कोण उपाशी राहतो? त्याअर्थी घोड्यात दम आहे.

हे तर्कशास्त्र बाईंचं नव्हे, भाऊजींचं. अकरा वर्षांपूर्वी बाई टाचण्या लावता लावता स्वतःशीच म्हणाल्या, "काय ही कंबर, चार बोटं आत गेली." भाऊजींनी ते ऐकलं, त्या जॉकीच्या घोड्यावर पैसे लावले आणि घरात फ्रिज आला.

तेव्हापासून शर्यतीच्या आठवड्यात सगळ्या गल्लीच्या पँटा अचानक लांब होत. समोरचा औषधदुकानदार दरवर्षी चांगली बेतशीर पँट घेऊन येई, "पाऊण इंच वर घ्या" म्हणे आणि बोलताना डोळे मात्र खुंटीवरच्या पांढऱ्या विजारींवर. पुढच्या आठवड्यात तीच पँट पाऊण इंच खाली करायला येई. बाई दोन्ही वेळा शिलाई घेत. सांगत मात्र कुणालाच काही नसत. गिऱ्हाइकाची कंबर ही गिऱ्हाइकाची अब्रू.

दार वाजलं.

"औषधवाला आला बघा, पँट घेऊन," भाऊजी म्हणाले. "आज दुसरी आणली असेल. पहिलीची उसवून उसवून चाळण झाली." आणि दार उघडून तसेच उभे राहिले.

दारात जॉकी उभा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, भाऊजींच्या खांद्याला लागेल न लागेल एवढा. सगळं मैदान त्याला काडीपैलवान म्हणे. बाई नुसतं पैलवान म्हणत. त्याचे कपडे नेहमी तबेल्यातला माणूस आणे आणि नेई. आज तो स्वतः आला होता, एक हात चौकटीवर टेकून, दुसऱ्या हातात पांढरी विजार घेऊन. महिनाभर वहीत ज्याच्या नावापुढे भाऊजी खुणा करत होते, तो माणूस दारात आल्यावर त्यांना फक्त "चपला राहू द्या" एवढंच सुचलं.

"ताई, विजार सैल होतेय. दोनला काट्यावर उभं राहायचंय."

बाईंनी गॅस बंद केला, टेप घेतली. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी ही विजार त्याच्या मापाला बसवून पाठवली होती. आज टेप फिरवली आणि पुन्हा फिरवली. चार बोटं.

"पैलवान, जेवलात कधी?"

"गुरुवारी."

"आणि पाणी?"

"चूळ भरतो ना."

"चूळ म्हणजे पाणी नव्हे."

"म्हणूनच चालते."

त्याचे ओठ कागदासारखे कोरडे होते. बाईंनी पेला पुढे केला. त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, बेसिनमध्ये टाकला आणि पेला परत दिला.

"सहा वर्षांनी चांगला घोडा मिळालाय, ताई. माझ्या जागी बसायला दोघं तयार आहेत. दोघांचं वय मिळून माझ्याएवढं होतं. अर्धा किलो जास्त भरलो तर ट्रेनर माझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

"आणि मी म्हटलं, नाही घेत आत, तर?"

"सेफ्टीपिन लावीन."

बाईंच्या डोळ्यांसमोर पिन आली, मग घोडा, मग वळण. त्या मशीनवर जाऊन बसल्या. शिवण उसवली, नवी घातली, मग तिच्यावरून पुन्हा एकदा मशीन फिरवलं. एरवी कमरेला त्या एकच शिवण घालत.

इकडे भाऊजी चुळबुळत होते. चार बोटं! अकरा वर्षांपूर्वीचीच चार बोटं! त्यांनी पेन्सिल काढली आणि शेवटी धीर करून विचारलं, "साहेब, घोडा कसा आहे?"

"उत्तम," पैलवान म्हणाला. "त्याने सकाळी खाल्लंय."

भाऊजींनी लिहून घेतलं.

"भाऊजी," बाई मशीनवरूनच म्हणाल्या, "तुमची ती वही जरा मिटता का?"

"वहिनी, मी तर नुसतं..."

"माणूस बसलाय समोर."

विजार तयार झाली. पैलवान आत जाऊन ती घालून आला. कातडीसारखी बसली होती. खाली वाकून त्याने मोजा वर ओढला, सरळ उभा राहिला आणि एकदम इस्त्रीच्या टेबलाची कड धरली. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने ती कड धरून ठेवली होती. मग सोडली.

"काही नाही, सकाळी सकाळी होतं असं," तो म्हणाला. "घोड्यावर बसलं की जातं."

भाऊजींच्या वहीत आईला रकाना होता, बापाला होता, ओल्या मैदानाला होता. टेबल धरलेला हात कुठे लिहायचा, त्याला रकाना नव्हता. त्यांनी पेन्सिल कानाला लावली आणि वही मिटली.

पैलवानाने सदऱ्याच्या खिशात हात घातला. बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"शिलाई तरी घ्या, ताई. फुकट शिवलेलं लाभत नाही म्हणतात."

"संध्याकाळी घेईन."

"बरं. तबेल्यातल्या माणसाबरोबर पाठवतो. विजारही धुऊन पाठवतो, म्हणजे परत सैल करायला बरी."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. भाऊजींनी न सांगता दार धरलं. जिन्यात औषधदुकानदार कागदात गुंडाळलेली पँट घेऊन उभा होता. त्याची नजर पैलवानाच्या कमरेवर गेली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पैलवान, माणसाबरोबर पाठवू नका," त्या म्हणाल्या. "धुऊनही नको. संध्याकाळी ती तुम्ही स्वतः आणून द्या."