थोरलीचं नाव

नातीने आमच्या माहेरची वंशावळ काढायला घेतली आणि माझ्या आजीच्या चौकटीपाशी अडली. "नाव सांग," म्हणाली. मला सांगता येईना. मी तीन वर्षांची असताना आजी गेली. घरात सगळे तिला थोरली म्हणत. हडपसरला दादाला फोन केला. तो ऐंशीचा, अजून गावाकडच्याच वळणाने बोलतो.

"थोरलीच नाव हाय की तिचं. आणखी काय असतंय?"

"सात पिढ्यांचे पुरुष सापडले," नात म्हणाली, "आणि तुला स्वतःची आजी माहीत नाही."

पुण्यात उभा जन्म काढून नातीकडून हे ऐकायचं. नामुष्कीच ती.

मग आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हक्कसोड करून दिली होती. बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडायचा आणि भाऊबीजेची साडी घेऊन हसत सासरी जायचं, ही आमच्याकडची रीत. चावडीत तलाठ्यांनी आजोबांपासूनच्या सगळ्या वारसांची नावं मोठ्याने वाचली. थोरलीचंही वाचलं असणारच. पण मी नुकतीच बी.ए. झालेली विदुषी. सगळं लक्ष नव्या चपलांकडे.

"बाई, ऐकलंत ना?"

"हो," म्हटलं, आणि इंग्रजीत अशी झोकदार सही ठोकली की ती शेजारच्या रकान्यात घुसली. ती मुलगी आज दारात आली, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

दादाकडून जुना सातबारा मागवला. त्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफारांचे, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्या नोंदींचे. ते उतरवून घेऊन आम्ही दोघी तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलो.

खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "वाद आहे का जमिनीचा?"

"नाही. आजीचं नाव बघायचंय."

"वाद नाही आणि जुने फेरफार?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा. तुम्हाला वेळ आहेच."

"अहो, म्हणून तर आत्ता आले. तरुणपणी नव्हता."

आधी माझीच नोंद निघाली. "आजी, ही सही आहे की गांडूळ?" नातीने विचारलं. गृहस्थही हसले. मग त्यांनी त्याहून जुनी वही काढली. पिवळा कागद, बोरूचं अक्षर. मयताचे वारस: दोन मुलगे, एक मुलगी आणि सगळ्यात खाली, विधवा बायको. पुढे नाव.

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. रांगेतले लोक बघायला लागले, बघू देत. इथे मात्र लिहीत नाही. आधी आमच्या घरात तरी नीट रुळू दे.

तिथूनच दादाला फोन लावून नाव सांगितलं.

"अगं, एवढं गोड नाव," म्हणाला, "आन् आपण नुसतं थोरली थोरली करीत बसलो. थांब, हिला सांगतो."

फोन तसाच ठेवून तो निघाला. घरभर ते नाव पुकारत चाललेला त्याचा आवाज मला ऐकू येत राहिला.