सूर्यचुलीची जागा

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत गरम पाण्याचा नळ आला तो सहदेव परबामुळे, हे आज कुणी कबूल करणार नाही. तेव्हा मीही केलं नाही. मी कमिटीत होतो, आणि कमिटीतल्या माणसांना अशा गोष्टी आठवत नाहीत.

सहदेव आमचा वॉचमन. गाव कणकवलीकडचं. वीस वर्षं त्याने परळला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. ब्याऐंशीच्या संपात काम गेलं, मग खोली गेली, आणि चौऱ्याऐंशी साली तो बायकोला घेऊन आमच्या जिन्याखाली राहायला आला. खोली म्हणजे काय, विजेच्या मीटरांशेजारी जिन्याखालचा कोपरा, त्याला एक दार लावलेलं. खिडकी नाही. त्यात शेवंतीला दमा. तिने रॉकेलचा स्टोव्ह पेटवला की खोकला सुरू व्हायचा, आणि वर आम्हाला कळायचं, खाली स्वयंपाक चाललाय. आमची पोरं तिच्या खोकल्याची नक्कल करायची. आम्ही त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो.

डॉक्टरने सहदेवला स्वच्छ सांगितलं, हिचा धूर बंद कर, नाहीतर हिचं काही खरं नाही. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं जायची. मग त्याने कुठून तरी ऐकलं की सरकार सूर्यचूल कमी किमतीत देतं. दोन दिवस खाडे करून तो कचेरीच्या रांगेत उभा राहिला आणि ती पेटी डोक्यावर घेऊन आला. वर काच, झाकणाला आतून आरसा, पेटीत चार काळे डबे. गच्चीवर ठेवायची, ऊन सरकेल तशी वळवायची, तीन तासांत वरणभात तयार. गच्चीची किल्ली रोज सेक्रेटरीकडे मागावी लागायची आणि पेटी वळवायला दर अर्ध्या तासाने चार मजले चढावे लागायचे. तो चढायचा. पावसाळा सोडला तर शेवंतीचा स्टोव्ह बंद झाला. तांदूळ निवडताना ती गाणी म्हणते, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शहाऐंशीत आमचे सेक्रेटरी नंदकुमार दिघे बातमी घेऊन आले. गच्चीवर उन्हावर पाणी तापवायचं यंत्र बसवलं तर सरकारी अनुदान मिळणार होतं. मात्र आधी सरकारी साहेब येऊन बघणार, की सोसायटीला असल्या गोष्टींची खरंच आवड आहे का. आमची आवड म्हणजे पत्ते आणि दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी. दिघ्यांना लगेच सहदेवची पेटी आठवली.

"सहदेव, ही चूल सोसायटीची आहे असं सांगायचं हं. तू फक्त डबे उघड."

"तुमचीच ती, साहेब," सहदेव म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या पेटीचा मान होतोय, एवढंच त्याला दिसलं.

साहेब आले, भात खाऊन खूश झाले. मग त्यांनी विचारलं, गच्चीवर दिवसभर ऊन कुठे असतं? दिघ्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठ वर्षं आम्ही त्या इमारतीत राहत होतो, आणि एकालाही सांगता येईना. तेव्हा सहदेव पुढे झाला. दोन वर्षं पेटी ढकलून ढकलून त्याला गच्चीवरची सावलीन् सावली पाठ झाली होती.

"हयसर, साहेब. दहापासून तीनपर्यंत ऊन हलत नाय. थयसर टाकीची सावली पडता."

विटेचा तुकडा घेऊन त्याने जमिनीवर चौकोन आखून दिला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी तो गेटवर छाती काढून उभा होता.

महिन्याभराने यंत्र आलं आणि बरोबर त्याच चौकोनात बसलं. काचा नाजूक, म्हणून दिघ्यांनी गच्चीला मोठं कुलूप लावलं आणि प्लंबरशिवाय कुणी वर जायचं नाही असा ठराव केला. त्या ठरावावर माझी सही आहे.

सहदेव माझ्याकडे आला. "साहेब, एक कोपरो द्या. पायपाक हात लावणार नाय. तिका धूर सोसत नाय."

मीटिंगमध्ये विषय काढतो, असं मी म्हणालो. काढला नाही. तोवर माझ्या नळाला सकाळी कढत पाणी यायला लागलं होतं आणि मी त्यात सुखी होतो. त्याने पेटी कंपाउंडमध्ये ठेवून पाहिली, तिथे सावली. गेटबाहेर रस्त्यावर ठेवली, तर दिघे म्हणाले, "इथे संसार मांडू नकोस रे, लोक काय म्हणतील?" पेटी जिन्याखाली गेली. तिच्या झाकणावर शेवंतीने स्टोव्ह ठेवला.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, भर दुपारी, शेवंती गेली. स्टोव्हवरचा भात अर्धा कच्चा होता.

मयताच्या आंघोळीचं पाणी घराबाहेर तीन दगडांच्या चुलीवर तापवायचं, ही आपली रीत. सहदेवने कंपाउंडमध्ये तीन विटा मांडल्या, मडकं ठेवलं आणि काटक्या पेटवल्या. दिघे खाली आले.

"अरे, चूल कशाला? नवी फरशी काळी होईल ना! वर नळाला कढत पाणी आहे की." मग त्यांनी वर पाहून बायकोला हाक मारली, "सुगंधा, दोन बादल्या पाठव गं खाली!"

त्यांनी हे अगदी मनापासून, मदत म्हणून सांगितलं. मला तेव्हा माझी लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

सहदेवने काटक्या विझवल्या. बादल्या आल्या, वाफा निघत होत्या. त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, जरा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बरा तापला हा," तो म्हणाला. "जागा बरोबर होती, साहेब."

मी हो म्हणालो.