डावा खांदा

ऑफिसात त्यांना फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. विमा कंपनीतले हेडक्लार्क. राखाडी कोट, मधलं एकच बटण लावलेलं, खिशात पेन नाही, रुमालाचं टोक नाही. नवा कारकून भडक शर्ट घालून आला तर ते चष्म्यावरून एकदा बघत, बोलत काहीच नसत. दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्यात यायचा.

या ताठपणाच्या मुळाशी त्यांचे वडील होते. गोदामात पोती वाहणारे. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा इतका खाली होता, की सदऱ्याची कॉलर कायम एका अंगाला ओढलेली असे. पोत्यांनी दाबला, असं घरात सगळे म्हणत. रस्त्याने जाताना मुलगा नेहमी वडिलांच्या डाव्या बाजूने चालायचा. वडिलांना वाटे, पोराची माया. पोराला ती बाजू लोकांपासून झाकायची असे. आपण पोतं उचलणार नाही आणि वाकडे दिसणार नाही, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

नोकरी लागल्यावर तो मोठ्या चौकड्यांचं कापड काखोटीला मारून शिंपी मास्तरांच्या दुकानात गेला. मास्तरांनी माप घेतलं, पाठीमागे जाऊन उगाच थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चौकडा बडबड्या असतो, साहेब. तुम्ही मोजकं बोलणारे. अंगावरचं कापडही तसंच हवं."

त्याला कुणी पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं. चौकडा गेला. पुढे पट्ट्यापट्ट्यांचं कापड नेलं, तर "रेघा पोरासोरांना" म्हणून तेही परत आलं. मग रंग गेले, रुंद कॉलरी गेल्या. वर्षं सरली तसं एकेक गळत गेलं आणि शेवटी राखाडी तेवढा उरला. "कपडे निवडायचे नसतात, नाकारायचे असतात," असं ते ऑफिसातल्या पोरांना सांगत. ते वाक्य त्यांनी कष्टाने कमावलं होतं, अशी त्यांची खात्री होती.

घरात आरसा होता तो दाढीचा, चेहऱ्यापुरता. पूर्ण अंगाचा आरसा त्यांनी पाहिला तो फक्त मास्तरांच्या दुकानात, आणि तोही कोट चढवल्यावर.

मास्तर गेले. दुकान मुलगी बघू लागली. कोटाचं कोपर विरलं, तेव्हा हे तिच्याकडे गेले. तेच राखाडी कापड, तोच बेत. ट्रायलला कोट चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. मानेपासून डाव्या काखेपर्यंत एक तिरकी चूण पडली होती.

"कोट बिघडवलास."

"माप तुमचंच आहे, काका."

"मापाला काय झालंय? हाताला वळण लागतं. मास्तर असते तर..."

"बाबांनी काय केलं असतं, ते बघूच," ती फणकारली. "तो जुना द्या इकडे."

तिने जुना कोट टेबलावर पालथा घातला आणि ब्लेडने खांद्याचं अस्तर उसवलं. उजव्या खांद्यात कापसाचा एक पातळ थर निघाला. डाव्यात थरावर थर. प्रत्येक थर बारीक टाक्यांनी बसवलेला, कडेला विरळ करत नेलेला, म्हणजे बाहेरून उंचवटा कळू नये. तिचा हात थांबला. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

"मला कधी बोलले नाहीत, काका. खरंच."

त्यांनी ट्रायलचा कोट काढला. आरशात नुसत्या शर्टातला माणूस उभा होता. कॉलर एका अंगाला ओढलेली.

"मी तर कधी पोतं उचललं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

म्हणजे वडिलांचा खांदाही पोत्यांनी दाबला नव्हता. तो आधीपासूनच तसा होता. त्यांची नजर फळीवरच्या ताग्यांवर गेली. चौकडे, पट्टे, उभ्या रेघा. मास्तरांनी काय काय परत पाठवलं होतं आणि का, ते आता एकेक करून समोर येत गेलं. आपण आयुष्यभर जे नाकारलं, ते आपण नाकारलंच नव्हतं.

"बाबांसारखेच थर घालून देते," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"त्यांनी मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं, तर परत दुकानाची पायरी चढला असता?"

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "जीभ बापावर गेलीय तुझी."

"आणि तुमचा खांदा?" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"तोही," ते म्हणाले.

मग उठले आणि फळीवरच्या एका ताग्यावर बोट ठेवलं. गडद निळा, पांढऱ्या उभ्या रेघांचा.

"याच्यात वाकडं लपत नाही, काका. रेघा बोंब मारतील."

"थर घालू नकोस. पण चूणही नको. कोट खांद्यावर बसला पाहिजे."

"मग डावा खांदा उतरता कापावा लागेल."

"काप."

तो कोट घालून ते ऑफिसात गेले, तेव्हा शिपाई जिन्यातच दुसऱ्याला म्हणाला, "फूटपट्टीला बाक आला की हो!" त्यांनी ते ऐकलं. चष्म्यावरून बघितलं नाही.

संध्याकाळी ते बायकोबरोबर बाजारात निघाले. दाराबाहेर पडताच ती सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला आली. ते थांबले.

"तुला माहीत होतं?"

"अहो, मास्तरांनी तुम्हाला कोटात पाहिलं. मी बिनकोटाचं बघत आलेय."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही एवढे ताठ चालायचात," ती म्हणाली. "कशाला बोलू?"

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं होती. वडील किती वेळा याच उजेडात घरी परतले होते, आपली डावी बाजू एका लहान पोराच्या हवाली करून. त्यांना ते कळत होतं की नव्हतं, हे आता विचारायला कुणी नव्हतं.

"उजवीकडून चल," ते बायकोला म्हणाले.