खंडेनवमीचा झेंडू

एरंडोलच्या माझ्या अक्काचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. लिस्टेरिया नावाचा जंतू, बहुधा न उकळलेल्या दुधातून आलेला. दूध फ्रिजात होतं, पण हा मेला गारठ्यातही वाढतो. मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत त्याच जंतूवर एमआरएनए लस बनवत होतो. तेव्हापासून ते काम मला नुसती नोकरी वाटेना.

एमआरएनए म्हणजे शरीराला धाडलेली चिठ्ठी: जंतूचा एवढा तुकडा बनवा, ओळखून ठेवा. चिठ्ठी भलती नाजूक. आमची लस उणे ऐंशीच्या फ्रीजरात ठेवावी लागे.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. साहेब म्हणाले, "फ्रीजरला नुसतं कुंकू लावा, हार नको." मी कसला ऐकतोय! ज्याच्या जिवावर सगळं चाललंय, तोच बोडका ठेवायचा? झेंडूचा चांगला हातभर हार मीच बांधला. त्याचा दोरा दाराच्या रबरात अडकला आणि दार बोटभर उघडं राहिलं. अलार्म सारखा किरकिरतो म्हणून आठवड्यापूर्वी मीच तो बंद केला होता.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर फरशीवर पाणी. लस तपासली, चिठ्ठीचे तुकडे झाले होते. साहेबांनी रबरात अडकलेला दोरा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरा डोस त्याच आठवड्यात गाभण उंदरिणींना द्यायचा होता. नवी लस बनायला काही महिने लागणार, त्यांचे दिवस थोडेच थांबणार होते? प्रयोग मोडला की जनावरं ठेवत नाहीत. मी स्वतःच्या हातानं एकेक मारली. मग हात धुतले, डबा खाल्ला. माझी मलाच किळस आली.

भाऊबीजेला अक्काकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तिनं विचारलं, "लसनं काय व्हयनं रे भाऊ?"

मी हाराचं, अलार्मचं, उंदरिणींचा डोस हुकल्याचं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"मंग त्या उंदरीस्नं काय करं?"

"माऱ्यात."

ती निरांजन हातात धरून तशीच उभी राहिली. "पोटुशी व्हत्यात का त्या?"

"नही, अक्का," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.