जोतीरामचे आडवे आकडे

जोतीराम कांबळे सांगलीत माझ्याबरोबर इंजिनिअरिंग शिकवायचा. माणूस लाखात एक, पण हट्टी असा की कधीकधी त्याच्याशी बोलूच नये असं वाटायचं.

१९७६ साली कुंडलजवळ ओढ्यावरून कालव्याचं पाणी नेणारा पूल बांधायचा होता, त्याचं गणित जोतीरामकडे आलं. पुलाखालून पायवाट जायची. त्याची आई दगडाबाई रोज त्याच वाटेनं परक्याच्या उसात तण काढायला, भांगलायला जायच्या.

कागदावर पुलाचे बारीक तुकडे पाडायचे, ते जिथं जुळतात त्या प्रत्येक सांध्याला नंबर द्यायचा आणि सगळं कार्डांवर भोकं पाडून, टोचून पुण्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं, अशी तेव्हाची पद्धत. पण मिळालेल्या वेळात कॉम्प्युटरचं गणित काही संपेना. "तुकडे मोठे करा, उत्तर लगेच येईल," असा निरोप आला. मलाही ते पटलं.

"मोठ्या तुकड्यात कोपऱ्यातला ताण दिसत न्हाई गड्या," जोतीराम म्हणाला. "भेग पडती ती तितंच. आन् खालनं माझी आय जाती."

आता कॉम्प्युटरवर एकच फेरी उरली होती. त्यात उत्तर आलं नाही तर पूल कालवा खात्यानं आधी काढलेल्या नकाशाप्रमाणेच बांधला जाणार होता.

तो नुसता नकाशासमोर बसून राहायचा. चहा गार व्हायचा, मी चिडायचो. एका दुपारी तो उठला आणि सगळे नंबर खोडायला लागला. आम्ही नंबर पाण्याच्या वाटेनं दिले होते; पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ, मग दुसरी. कालव्याच्या माणसांना दुसरं सुचतच नाही. त्यामुळे शेजारच्या दोन सांध्यांच्या नंबरांत फार अंतर पडायचं, आणि मधलं सगळं कॉम्प्युटरला डोक्यात धरून बसावं लागायचं. जोतीरामनं नंबर रुंदीच्या बाजूनं, आडवे दिले. रुंदीत सांधे थोडेच, त्यामुळे अंतर एकदम कमी झालं.

कार्डं पुन्हा टोचली. तुकडा एकही कमी केला नाही. गणित वेळेत संपलं, आणि खांबाजवळच्या कोपऱ्यात ताण भलताच निघाला. तो कोपरा जाड करून पूल नव्यानं आखला गेला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

उद्घाटनाला मांडवात भाषणं चालू असताना जोतीराम कुठं दिसेना. शोधत ओढ्यात उतरलो, तर पुलाच्या सावलीत, त्याच कोपऱ्याखाली, भांगलणीच्या बायका भाकरीची फडकी सोडून जेवायला बसलेल्या, आणि हा आईशेजारी.

"बसा की सर," दगडाबाई म्हणाल्या, "हितं लय गार वाटतंय."

डोक्यावरून पाणी वाहत होतं. बसण्याआधी मी दोनदा वर पाहिलं. जोतीरामनं एकदाही पाहिलं नाही.