पुठ्ठ्याखालचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण आता पोटात राहत नाही.

अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि एकच नाद उरला — जुन्या पुढाऱ्यांची सही असलेली पत्रं जमवायचा. मला मोडी वाचता येते, म्हणून लोक घरातले जुने कागद घेऊन यायचे. मोठ्या विश्वासाने यायचे. मला त्याचा तोरा होता — खोटं कशाला बोलू?

जांभूळ गावचे धर्माबाबा असेच आले. वय ऐंशीच्या पुढे, पत्र रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपलेलं. "सायेब, माझ्या बापानं या पुढाऱ्याला माळ्यावर लपवला व्हता. सुटल्यावर त्यानं हे धाडलं." गावात स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या माणसांच्या नावांची फरशी बसणार होती. वडिलांचं नाव घालायचं तर पुरावा आणा, असं बाबांना सांगितलं होतं. त्यांना मोडीतलं एकच नाव ओळखता यायचं — पहिल्या ओळीतलं, वडिलांचं. वडिलांनीच लहानपणी त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं.

मी वाचलं. सगळं खरं होतं — माळा, पोलीस, तांदळाची भाकरी. आणि खाली ती सही. तिच्यासाठी मी किती वर्षं वणवण केली होती! मागितली असती तर? बाबांनी दिली नसती. ते मला पत्राची कड न सोडणाऱ्या त्यांच्या हाताकडे बघूनच समजलं होतं.

मग मी — कसं सांगू? — चष्मा काढला, पुसला, आणि म्हणालो, "बाबा, सही लेखनिकाची आहे. मजकूरही साधा, आभाराचा. असली पत्रं तेव्हा गावोगाव जायची."

"मंग बाप खोटं बोलला म्हनायचा," बाबा एवढंच म्हणाले. पत्र त्यांनी माझ्याकडेच टाकलं. घरी नेऊन काय करायचं होतं त्याचं?

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका हॉलमध्ये माझ्या संग्रहाचं प्रदर्शन ठरलं. उल्हासनगरच्या सिंधी फ्रेमवाल्याने पत्राभोवती लावायचा पुठ्ठा कापताना विचारलं, "साईं, ऊपर की लाइन ढक जाएगी. चलेगा?"

"चलेगा," मी म्हणालो. मापच मी तसं दिलं होतं.

प्रदर्शनाला बाबा आले. लेक तिथेच राहायची, तिने आणलं होतं. त्या फ्रेमपुढे ते थबकले. काचेवर बोट ठेवलं — वर, अगदी वर — आणि पुठ्ठ्यावरून हळूहळू सरकवत नेलं. परत आणलं. पुन्हा नेलं.

"आमचं असंच व्हतं," ते लेकीला म्हणाले. "पन यावर नाव नाय. हे दुसऱ्या कुनाचं."

मी हातभर अंतरावर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. ते बोललो का? नाही. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि जाताना मला हात जोडले. मीही जोडले — याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

बाबा गेल्या वर्षी वारले. फरशी बसली आहे. मी मुद्दाम जाऊन सगळी नावं वाचून आलो, दोनदा. ते नाव नाही.

पत्र माझ्या भिंतीवर आहे. पुठ्ठाही तसाच आहे. त्याच्याखाली लिहिलंय — काळू गोमा यांस.